पांढऱ्या पातळावरचा सिनेमा

मंडळी अर्धा तास आधीच आली. बायको, कस्तुरा, गेल्यापासून कोंडीराम रोज तिच्या फोटोपुढे ताटली ठेवायचा, मगच स्वतः घास घ्यायचा. आजही भाकरी आणि कारल्याची भाजी वाढून झाली, तोच दार वाजलं. त्याने ताटली खाटेखाली सरकवली, चादरीचं टोक जमिनीपर्यंत ओढलं आणि कडी काढली.

विहार समितीचे अध्यक्ष साहेबराव जयभीम म्हणत आत आले. खिशात बावीस प्रतिज्ञांची पुस्तिका. मागोमाग शेजारची प्रभावती आणि खांद्यावर प्रोजेक्टर घेतलेला विलास. त्याच्या कंपनीत मशीन बसवायला आलेल्या जपानी इंजिनिअरने जाताना एक रीळ भेट दिलं होतं, हाताने काढलेल्या, हलत्या चित्रांचा सिनेमा. बुद्धपौर्णिमेला तो पोरांना दाखवायचा होता, पण आधी समितीने पाहून पास करायचा. विहाराच्या पत्र्यातून ऊन गळायचं. म्हणून गुरुवारी, सुट्टीच्या दुपारी, सचिव कोंडीरामच्या अंधाऱ्या खोलीत जमायचं ठरलं. त्याला नाही म्हणता आलं नव्हतं.

विलासने खिडकीवर घोंगडी टांगली. भिंतीला ओल आहे, चित्र नीट दिसायचं नाही, असं म्हणत त्याने खाटेवरच्या चादरीला हात घातला.

"ती नको," कोंडीराम म्हणाला. "मळकी हाय."

त्याने ट्रंक उघडली. वरच कस्तुराचं पांढरं पातळ होतं, ती वंदनेला नेसायची ते. चार महिन्यांत त्याने त्याला हात लावला नव्हता. तेच काढून दिलं. विलासने ते दोन खिळ्यांना बांधलं.

कोंडीराम खाटेवर बसला, चादरीवर टाचा रोवून. प्रभावती खाली, त्याच्या पायांशीच टेकली. कारल्याचा वास त्याच्या नाकात गेला.

जपानी बोलणं कुणालाच कळत नव्हतं. चित्रांवरूनच निवाडा. डोंगर आला, भिक्खू आले, मोठी घंटा वाजली. साहेबराव खूश होते. बुद्धाचा देश तो, तिथून वाईट काय येणार, असं ते वाटेतही म्हणाले होते.

मग एक लहान मुलगी घरात शिरली. कोनाड्यात तिच्या आईचा फोटो. मुलीने फोटोपुढे भाताची वाटी ठेवली, हात जोडले आणि आईशी बोलायला लागली.

"बंद कर," साहेबराव म्हणाले.

पातळ पुन्हा कोरं झालं. साहेबरावांनी बॅटरी पेटवून पुस्तिका उघडली. श्राद्ध नाही, पिंडदान नाही, स्पष्ट लिहिलं होतं. विलास म्हणाला, पोरगी आईला जेवायला वाढतेय, एवढंच की. साहेबरावांनी त्याला गप्प केलं. मागच्या साली पित्रं घातली म्हणून त्यांनी सख्ख्या भावाला समितीतून काढलं होतं. तेव्हापासून भावाच्या उंबऱ्यावर वस्तीतलं कुणी चढत नव्हतं.

बॅटरीचा उजेड कोंडीरामच्या तोंडावर आला, तिथून त्याच्या पायांवर.

"सचिव, तुमचं मत?"

"अयोग्य," कोंडीराम म्हणाला. आपला आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. "असल्यानं पोरं बिघडतील."

प्रभावतीला विचारलं, तर ती म्हणाली, सचिव म्हणतील तसं.

साहेबराव आणि विलास पेटी घेऊन गेले. प्रभावती मागे थांबली. तिने खिळ्यांवरून पातळ सोडलं, सावकाश घडी घातली आणि ट्रंकेत ठेवलं. कोंडीराम खाटेवरून हलला नव्हता.

दारात चपला घालताना ती वर न बघता म्हणाली, "कस्तुराला कारलं आवडत नव्हतं, दाजी. तुमच्यासाठी करायची ती."