मोसमी वारे

उरणच्या घरात, भाकऱ्या झाल्या की राही पुस्तक घेऊन बसायची. ती एकेक संज्ञा वाचायची आणि तिची लेक साक्षी अर्थ म्हणून दाखवायची. उद्या इतिहासाचा पेपर होता.

"कारवाँसराय?"

"व्यापारी तांड्यांची वाटेवरची धर्मशाळा."

"मोसमी वारे?"

"ती सोड, आई. नाही येत परीक्षेला."

"काल पण सोडलीस." राहीने अक्षरांवर बोट ठेवत स्वतःच वाचलं, "अरब व्यापारी या वाऱ्यांवर आफ्रिकेच्या किनाऱ्याला जात. वारा उलटेपर्यंत त्यांना महिनोन्‌महिने तिथेच थांबावं लागे. काही जण तिथे दुसरा संसार थाटत."

साक्षीने पान उलटायला हात पुढे केला. बाबा आफ्रिकेत, मोंबासाच्या गोदीत कामाला गेले, त्याला सहा वर्षं झाली होती. सुट्टी मिळत नाही, असं ते फोनवर सांगत. त्यांच्या कडेवरच्या बाळाचा कुणीतरी पाठवलेला फोटो तिने आईच्या मोबाइलमधून गुपचूप पुसला होता.

राहीने पुस्तक तिच्या पुढ्यात सरकवलं.

"पाठ कर ही पण. त्या लोकांना निदान वाऱ्यानं तरी अडवलं व्हतं."