दोन किलोचा पर्च

राजश्रीनं फोनवर पहिलं तेच विचारलं. “बाबांचा मासा मिळाला का?”

“आज मिळेल,” राघव म्हणाला.

“मागच्या शनिवारीही हेच म्हणालास.” तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच राघवला जास्त लागलं. “मला सातवा लागलाय. माझी आई यायची म्हणतेय. ती झोपणार कुठे, गराजमध्ये? खोली रिकामी झाली की फोन कर. तोवर मी इथं टौरंगात दीप्तीताईकडेच बरी आहे.”

परदेशातल्या टाकानिनी उपनगरातलं त्या नवराबायकोचं घर नवं होतं, पण दोनच बेडरूमचं, दोन्ही बाजूंच्या घरांना चिकटलेलं. त्यातली एक बेडरूम राघवच्या वडिलांनी, भाऊसाहेबांनी घेतली होती. आले होते सहा महिन्यांसाठी, मग व्हिसा वाढवून घेतला. संगमनेरच्या एसटी डेपोतून ते मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते, पण डेपो काही अंगातून उतरला नव्हता. आल्या आल्या त्यांनी मसाल्याच्या डब्यांची जागा बदलली, कपडे धुण्याचे वार ठरवून दिले. राजश्रीला कामावरून यायला जरा उशीर झाला की हे दारात उभे. रागावत नसत. नुसतं विचारत, “ट्रॅफिक होतं का?” तिनं बरेच महिने दम धरला. एका सकाळी तिचा कॉफीचा मग त्यांनी एका फळीवरून उचलून दुसऱ्या फळीवर ठेवला, आणि तिनं बॅग भरली.

राघव माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसातून सुटला की घराच्या कोपऱ्यावर, इथं डेअरी म्हणतात त्या वाणसामानाच्या दुकानापुढे गाडी लावून नुसता बसून राहायचा. घरात शिरायचं जिवावर यायचं. जन्मदात्याला जा म्हणायला जीभ रेटत नव्हती.

एकदाच त्यानं धीर केला होता. “बाबा, परतीचं काय ठरवलंय?”

“ट्रॉफी काढली की दुसऱ्या दिवशी विमानात,” भाऊसाहेब म्हणाले. “लहानपणापासून प्रवरेत गळ टाकतोय मी. इथून रिकाम्या हातानं जायचा नाही.”

ट्रॉफी म्हणजे दोन किलोचा पर्च. हा तळ्यातला मासा, अंगावर काळे पट्टे, पर लालसर. एरवी तळहाताएवढा, फार तर तव्यावर मावेल इतका. बापलेक दर शनिवारी जात त्या तळ्यावरच्या मासेमारी क्लबाचा नियम असा, की दोन किलोच्या वरचा पर्च काढला तर तुमचा फोटो शेडमध्ये लागतो. तसे फोटो त्या शेडमध्ये अगदी मोजके होते.

आई दर रविवारी संगमनेरहून व्हिडिओ कॉल करायची. नेमके त्या वेळी भाऊसाहेब फिरायला गेलेले असायचे. आई हल्ली टवटवीत दिसत होती. तिनं हॉलला पिवळा रंग काढून घेतला होता आणि पेटी शिकायला लागली होती.

“मासा मिळाला का रे?” ती विचारायची.

“नाही अजून.”

“मिळेल सावकाश. घाई कशाला करायची?”

आईला इथली अडचण काय सांगायची, म्हणून राघव विषय बदलायचा.

त्या शनिवारी तळ्यावर वारा नव्हता. भाऊसाहेबांनी गळ टाकला, काठी टेकणीवर ठेवली आणि ते शेडकडे तोंड धुवायला गेले. राघव पाय मोकळे करायला पलीकडच्या काठानं निघाला. तिथं क्लबाचा जुना सभासद, एक गोरा म्हातारा, पाण्यात सोडलेली जाळी किंचित वर उचलून बघत होता.

“किया ओरा,” त्यानं इथल्या रीतीनं नमस्कार केला. “बघ तरी.”

जाळीत पर्च होता. राघवनं इतका मोठा कधी पाहिला नव्हता.

“सव्वादोन किलो. फोटो काढून झाला. सोडतोच आता.”

राघव मनातलं बोलून गेला. राजश्रीचं, खोलीचं, बाळाचं. आपण परक्या माणसाला हे सांगतोय याची त्याला लाज वाटली, पण थांबता येईना. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं. मग हसून जाळी त्याच्या हातात दिली. “स्वीट ॲज, चालतंय की. ने.”

राघवनं परत येऊन वडिलांचा गळ ओढून घेतला, ओल्या हातांनी मासा त्याला ओठापाशी हलकेच अडकवला आणि पाण्यात सोडला. काठी वाकली. तो मागच्या उंच पात्यांच्या झुडपाआड जाऊन बसला. आज रात्रीच तिकीट काढायचं, राजश्रीला आत्ताच कळवायचं, असं त्याच्या मनात चाललं होतं.

भाऊसाहेब आले. काठी पाहून धावले. ओढ द्यायची, सैल सोडायची, पुन्हा ओढायची, असं करत त्यांनी मासा काठाशी आणला आणि झेल्यात, लांब दांड्याच्या जाळीत, घेतला. वजनकाट्याला लावून तोलला. काटा दोनच्या पुढे गेला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

मग त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. गुडघे टेकून त्यांनी मासा पाण्यात धरला, कल्ले नीट हलायला लागेपर्यंत धरून ठेवला, आणि हात उघडले.

राघव बाहेर आला तेव्हा ते हात पुसत होते.

“काही लागलं होतं का, बाबा?”

“छे. पाऊण किलोचा असेल. सोडून दिला.”

“सव्वादोन किलोचा होता. मीच अडकवला होता तो.”

भाऊसाहेबांचे हात थांबले. राघवला वाटलं, आता ते चिडतील. ते खुर्चीवर बसले. पाण्याकडे बघत राहिले.

“राजश्री घर सोडून गेलीय, बाबा. का गेली ते तुम्हाला ठाऊक आहे. मिळाला होता ना मासा? मग का सोडलात? जायचं का नाही तुम्हाला घरी?”

“तुझ्या आईनं घराचं कुलूप बदललंय,” भाऊसाहेब म्हणाले.