मुलुलुझाचा रस

आमच्याकडे औषध देणाऱ्याचे आभार मानत नाहीत. मानले की औषधाचा गुण जातो. त्यामुळे आत्याकडून तापावर मुलुलुझाच्या पाल्याचा कडू रस घ्यायचा आणि काही न बोलता निघायचं, ही लहानपणापासूनची सवय.

काल बायकोला, नाबुकेन्याला, हुडहुडी भरून ताप आला. मी सायकल काढून आत्याकडे गेलो. तिने कुंपणावरचा पाला खुडला, चुरगळून पाण्यात पिळला, पण भांडं काही हातात देईना.

"केळ्यांचं मटोके तरी खाते का नीट?"

"कुठे? आठवडाभर नुसत्या वासानेच पळतेय."

"आणि पाळी कधी आली होती?"

मी बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं.

"लग्न करायची बरी घाई होती तुला, एवढं मात्र कळलं नाही," असं म्हणत आत्याने सगळा रस केळीच्या बुंध्याशी ओतून टाकला. "दिवस गेलेल्या बाईला हे पाजायचं नसतं रे, गर्भ पडू शकतो. दवाखान्यात ने आधी. रक्त तपासू दे त्यांना."

मी सायकल वळवली आणि सवयीने तोंड मिटून निघालो.

"आज मान की आभार," आत्या मागून म्हणाली. "आज कुठे औषध दिलंय मी?"