बदल नाही

"अगं, त्या दुकानवाल्यांनी वेबसाइटवर भाव बदलून आठवडा झाला, तरी त्यांच्या गिऱ्हाइकांना जुनेच दिसतायत," मुकादम फोनवर करवादला. मुकादम म्हणजे तिच्या टीमचा प्रमुख. हे नाव तिनेच ठेवलेलं होतं आणि त्याला अजून त्याचा सुगावा नव्हता. "सर्व्हर उगाच 'बदल नाही' म्हणून सांगतोय. हेडर वाचणारा भाग तुझाच ना?"

"माझाच," ती म्हणाली. नाही म्हणून सुटका होणार नव्हती.

घरातलं जेवणाचं टेबल हेच तिचं ऑफिस. डोळे चुरचुरत होते, मान आखडली होती आणि चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. वर्षानुवर्षं ती हे एकच काम करत आली होती. कुणी वेबसाइटचं पान मागितलं की त्या मागणीच्या माथ्यावर काही ओळी येतात, त्यांना हेडर म्हणतात. ब्राउझर कोणता, भाषा कोणती, अमुक तारखेनंतर पानात काही बदल झालाय का, असलं काहीबाही त्यात असतं. त्या ओळींची फोड करून अर्थ लावायचा. हे नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. चुकलं की मुकादमाचा फोन येतो.

चूक सापडेपर्यंत दुपार कलली. हेडरमध्ये अनेक गोष्टी असतील तर मधे स्वल्पविराम असतो, म्हणून तिच्या कोडने स्वल्पविराम दिसला की तुकडा पाडायचा धडाका लावला होता. पण तारखेतही वारानंतर स्वल्पविराम असतो. तिथे कोडच्या हाती नुसता 'मंगळवार' लागायचा. कोणता मंगळवार, देव जाणे. आणि तारीख कळली नाही तर सरळ 'बदल नाही' असं उत्तर द्यायचं, हेही तिनेच कधीतरी कंटाळून लिहून ठेवलेलं. मग समोरचा ब्राउझर बिचारा आपल्याजवळची जुनी प्रतच दाखवत राही.

दुरुस्ती करता करता तिचे हात थांबले. हाच कोड तिने घरच्या पानालाही लावला होता.

ते पान तिने आणि दादाने कॉलेजात असताना बनवलेलं. सगळ्यांचे फोटो, आईच्या गमती, दादाची लांबलचक टिपणं. आई गेली तेव्हा दादा वेळेवर पोचला नाही. "पुन्हा या घराचा उंबरा चढू नकोस," बाबा म्हणाले, आणि दादाने ते मनावर घेतलं. नंबरसुद्धा बदलला. त्याच्या खोलीला बाबांनी कुलूप घातलं. त्याचा विषय निघाला की ते भरल्या ताटावरून उठत.

तेव्हापासून ती पानावर दादासाठी लिहीत होती. कारण रोज सकाळी कुणीतरी ते पान उघडत होतं. कुठून उघडलं याची नोंद ती ठेवत नसे, पण हेडरमध्ये ब्राउझरचं नाव असे, आणि तसला जुनापुराणा ब्राउझर साऱ्या जगात एकटा दादाच वापरत असावा. तो त्याच्या लॅपटॉपवर होता आणि दादा गेल्यापासून लॅपटॉपही घरात दिसला नव्हता. हा रोज येतो, वाचतो आणि एका शब्दाने उत्तर देत नाही, याचा तिला मनस्वी राग यायचा. माणसाने इतकं दगडाचं काळीज करावं!

आणि आता कळलं, येणाऱ्याच्या हाती काही लागतच नव्हतं. 'दादा, फोन कर.' 'दादा, बाबा पडले होते, आता बरे आहेत.' सगळं तिच्याच सर्व्हरपाशी अडून राहिलं होतं. तिने टेबलावर डोकं टेकलं आणि पोटभर रडली.

"डोकं दुखतंय?" बाबा दारात उभे होते.

"नाही. काम आहे."

"तुझं काम काही संपायचं नाही." ते जरा घुटमळले. "एखादा जास्तीचा चार्जर आहे का गं? माझा रेडिओ सारखा बंद पडतो."

"मागच्या खणात बघा."

खणात खुडबुड झाली आणि नंतर त्यांच्या खोलीचं दार लागलं. बाबांना यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, हे घरात सर्वमान्य होतं.

तिने मुकादमाची दुरुस्ती पाठवली, तीच घरच्या पानालाही केली. सांगून सांगून दादा येणार नव्हता. त्याला एकच गोष्ट ऐकायची असणार आणि ती खोटी होती. शेवटी तिने लिहिलं: 'दादा, बाबांचा राग गेलाय. त्यांनीच मला लिहायला सांगितलंय. घरी ये.'

तो आला आणि बाबांनी त्याच्या तोंडावर दार आपटलं तर? तर मधे आपण उभं राहायचं, तिने ठरवलं. पण भीती काही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सर्व्हरची नोंद उघडली. तोच ब्राउझर, तीच विचारणा. या वेळी सर्व्हरने अख्खं नवं पान पाठवलं होतं. वाचलं! कित्येक दिवसांनी तिला हसू आलं. पण आता बाबांना तयार करणं भाग होतं. दिवसभर तिने कामात लक्ष नसल्याबद्दल मुकादमाची बोलणी खाल्ली आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवली.

संध्याकाळी बाबा जेवायला बसले. त्यांचे डोळे सुजल्यासारखे दिसत होते. झोप झाली नसेल, तिला वाटलं. तिने वाढलं आणि समोर बसली.

"बाबा, दादाबद्दल बोलायचंय. उठू नका."

ते उठले नाहीत. हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला.

"मी तुला तसं लिहायला सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "पण आता ते पुसू नकोस. कधीतरी त्याच्याही नजरेला पडेल."