चवळीखाऊ

सेनेगल नदीकाठी फ्रेंचांच्या जुन्या किल्ल्यात उत्खनन चाललं होतं. गोदामाच्या खड्ड्यात हावा कुलिबाली एकटीच माती खरवडत होती. कुलिबाली आडनावाचा कुणी दिसला की त्याला चवळीखाऊ म्हणून चिडवायचं आणि त्यानं उलट टोला हाणायचा, ही तिथली रीतच.

"काय गं चवळीखाऊ!" मागून आवाज आला.

"चल रे देम्बा, माझं ताट तूच चाटतोस!" हावा हसत म्हणाली.

वळून बघते तर मागे कुणीच नाही. तिचा जोडीदार देम्बा लांबून, नदीकडून चहाची किटली घेऊन येत होता.

"कुणाशी गप्पा चालल्यात? उरक लवकर, आज खड्डा बुजवायचाय!" तो ओरडला.

हावाच्या गुडघ्यांखालच्या मातीत दोघंतिघं खुदखुदली. मग कुणीतरी त्यांना हळूच दटावलं, "श्श! ऐकतेय ती."