जैसलमेरची तयारी

"आजपासून आंघोळ एका बालदीत. चौघांची मिळून," जयवंतने जाहीर केलं आणि सुगंधाने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"का? नळाला पाणी आहे की."

"जैसलमेरला नळ कुठला? वाळवंट आहे ते. सवय नको करायला?"

चंदू आणि जया आनंदाने ओरडले. तळमजल्यावर चाळीचे मालक विन्सेंट राहायचे. त्यांच्या टीव्हीवर उंटांचा तांडा पाहिल्यापासून पोरांनी वाळवंटाचं खूळ घेतलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत वाळूत तंबू ठोकून राहायचं, दोर लावून डोंगर चढायचा, असं जयवंतनेही कबूल करून टाकलं. लग्न झाल्यापासून हा माणूस मालवण सोडून कुठे गेला नव्हता, आणि तिथेही गणपती पोचवले की परतायची घाई. त्याला एकाएकी उंट कसे आठवले?

कुठेतरी पाणी मुरत होतं.

पोरांची मात्र मजा सुरू झाली. वाकोल्याच्या त्या दुमजली चाळीच्या गच्चीवर चौघं ताडपत्रीखाली झोपू लागले. ताडपत्रीवर जयाने चुन्याने उंट काढला. तो दिसायला म्हशीसारखा होता, पण कौतुक उंटाचंच झालं. जया अंगणातल्या नळावरून कळशी भरून जिने चढायची. चंदूच्या कमरेला दोर बांधून टाकीच्या शिडीवर चढ-उतार चालायचा. शाब्बासकी देताना जयवंत त्याला घट्ट पोटाशी धरायचा. एवढ्याशा शिडीसाठी!

सुगंधाचं लक्ष नवऱ्याच्या कपड्यांवर होतं. कारखान्यातून आलेल्या शर्टावर नेहमी काळं तेल असायचं, सोड्याशिवाय न निघणारं. आताशा तेलाचा ठिपका दिसत नव्हता. चपलांना मात्र तांबडी माती.

"हल्ली मला ऑफिसात बसवतात," तो म्हणाला.

"ऑफिसात माती असते?"

"अगं, संध्याकाळी डोंगर चढायची प्रॅक्टिस करतो. पोरांसमोर धापा टाकू काय?"

त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. खरं बोलणाऱ्याकडे एवढी उत्तरं तयार नसतात, असं तिला वाटलं.

मग घाटकोपरला राहणारी तिची धाकटी बहीण सुनंदा आली. जयवंत बाहेर पडेपर्यंत ती चहा फुंकत बसली आणि तो जाताच जवळ सरकली.

"ताई, भावोजींना बघितलं मी. आमच्या इथला डोंगर चढत होते. हातात नवी बालदी, बगलेत चटई."

"एकटेच होते?"

"एकटेच. पण एकटा माणूस बालदी-चटई कोणासाठी नेतो गं?"

दुसरा संसार असाच सुरू होतो, बालदीपासून. सुनंदा गेल्यावर सुगंधा मोरीत तोंड धुण्याच्या निमित्ताने पोटभर रडली. हा माणूस हातचा गेला तर दोन पोरं घेऊन जायचं कुठे? पण ती नवऱ्याला काही बोलली नाही. भांडलं की चोर सावध होतो. गुपचूप सहलीला जायचं आणि डोळे उघडे ठेवायचे, असं तिने ठरवलं.

त्यातच जयवंतने रंगाचं काढलं. आपण परत येईपर्यंत खोली रंगवून होईल, म्हणे. विन्सेंट एका अनोळखी माणसाला घेऊन आले आणि भिंती मोजून गेले. तिच्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. भांडीकुंडी, अंथरुणं, ताडपत्री, सगळं, रंगाचा पसारा नको म्हणून, पोत्यांत भरून जयवंतचा दोस्त दत्ताराम टेम्पोतून घेऊन गेला.

निघायच्या सकाळी जयवंतने देव्हाऱ्यातले देव फडक्यात गुंडाळले आणि देवाच्या नारळासकट पिशवीत ठेवले.

"सहलीला देव कोण नेतं हो?"

"मग बिनपूजेचे ठेवू? पेट्रिशियाबाई करणार आहेत पूजा?"

विन्सेंटची बायको पेट्रिशिया दारातच उभी होती. एरवी खिदळत असणारी ही बाई सुगंधाच्या गळ्यात पडली आणि हुंदके देऊ लागली. "सांभाळ गं स्वतःला," एवढंच म्हणाली.

म्हणजे हिलाही ठाऊक आहे, सुगंधा मनात म्हणाली. सगळ्या चाळीला ठाऊक असेल. तीच एक आंधळी.

राजस्थानची बस घाटकोपरहून सुटणार होती. घाटकोपरला उतरल्यावर जयवंतने कोपऱ्यावर दूध घेतलं आणि रस्ता सोडून डोंगराकडे वळला.

"बसला वेळ आहे. सामानासकट शेवटची प्रॅक्टिस करून घेऊ."

पायाखाली तांबडी माती लागली आणि सुगंधाला नवऱ्याच्या चपला आठवल्या. वाट उभी होती. जया सरसर चढली. चंदूने दोर धरला आणि एकदाही कुरकुर न करता वर आला. दोन्ही बाजूंना झोपड्या होत्या, बायका खालून हंडे आणत होत्या. शेवटच्या झोपडीपाशी जयवंत थांबला.

"आई, आपला उंट!" जया ओरडली.

झोपडीच्या छपरावर त्यांचीच ताडपत्री होती. वर चुन्याचा उंट. पोरीचा उंटसुद्धा त्या बाईला दिला! सुगंधाने पदर खोचला. काय काय बोलायचं ते तिने पाठच करून ठेवलं होतं. जयवंतने दार ढकललं, तशी त्याला बाजूला सारून तीच आधी आत घुसली.

आत कोणी नव्हतं. नवी बालदी होती, चटई होती, आणि भिंतीला लागून तिचीच पोती.

जयवंत मागून आला. कोणाकडेही न बघता त्याने फळीवर देव मांडले, शेजारी नारळ ठेवला. स्टोव्ह पेटवून पातेल्यात दूध ओतलं.

"बाबा, बस किती वाजता?" चंदूने विचारलं.

दूध वर येऊ लागलं. इतक्या वर्षांच्या सवयीने सुगंधाचा हात पदर धरून पातेल्याकडे गेला, तो जयवंतने मनगटाशी धरला.

"राहू दे," तो म्हणाला. "नव्या घरातलं पहिलं दूध उतू जाऊ द्यायचं असतं."