पहिलं आठवेल ते

"आजी, मी एकेक शब्द सांगते. त्यावरून पहिलं जे आठवेल ते बोलायचं," स्मृती तपासणारी डॉक्टरीण म्हणाली. शेजारी लेक जीव मुठीत धरून बसली होती.

"सुई."

"बोट."

डॉक्टरीणबाईंनी फुली मारली. त्यांना दोरा हवा होता. म्हातारी मनात चरफडली. तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बोटं टोचून घेतलेल्या बाईला सुईवरून दोरा कशाला आठवेल?

"दार."

"कुलूप."

हे बरोबर निघालं. लेकीला हायसं वाटलं.

"धूर."

"सतरा."

पुन्हा फुली. "आजी, धुराचा आणि सतराचा काय संबंध?"

म्हातारी सणकली. "संबंध नाही कसा? कारखाना पेटला तेव्हा दाराला बाहेरून कुलूप होतं. मी खिडकीतून बाहेर पडले म्हणून वाचले. सतरा जणी आतच राहिल्या."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं.

"कुलूप कुणी लावायला लावलं, असं कोर्टात विचारलं, तर मालक म्हणाला, आठवत नाही. आणि सुटला. तेव्हा त्याला का नाही आणून बसवलं कुणी या खुर्चीत?"